हातकणंगलेहून करवीरच्या राजधानीकडे : कसे जाल, काय पाहाल?

हातकणंगले : कोल्हापूरला जायचे म्हणजे अंबाबाईचे दर्शन घ्यायचे, तांबडा-पांढरा रस्सा ओरपायचा, चप्पल खरेदी करायची आणि संध्याकाळच्या गाडीने परतायचे, असा मुंबई-पुण्याकडील पर्यटकांचा सर्वसाधारण शिरस्ता आहे. त्यात गैर काही नाही. मात्र आपण एका संस्थानाच्या राजधानीत जाऊन आलो, याची जाणीव अशा धावत्या सहलीत क्वचितच होते. सातारा आणि करवीर या मराठ्यांच्या दोन गाद्यांपैकी एक गादी या परिसरात नांदली. ती आधी पन्हाळ्यावर होती, नंतर कोल्हापुरात आली आणि १ मार्च १९४९ रोजी संस्थान विलीन होईपर्यंत तेथे राहिली. ही राजधानी पाहायची असेल तर प्रवासाचा बेत थोडा निराळा आखावा लागतो. इचलकरंजी, हुपरी, पेठ वडगाव, कुंभोज या भागातील पाहुण्यांसाठी आणि रेल्वेने येणाऱ्या पर्यटकांसाठी या बेताची सोयीची सुरुवात हातकणंगलेपासून होते.

दोन राजधान्या, एक गादी

बेत आखण्यापूर्वी इतिहासाचा क्रम ध्यानात ठेवणे उपयोगी पडते. छत्रपती राजाराम महाराजांच्या निधनानंतर १७०० पासून महाराणी ताराबाईंनी औरंगजेबाशी झुंज दिली. १७०७ मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि वारशाचा प्रश्न उभा राहिला. सातारा हातचा गेल्यावर ताराबाईंनी १७१० च्या सुमारास पन्हाळ्यावर स्वतंत्र गादी उभी केली. १७१४ मध्ये झालेल्या सत्तांतरात ताराबाई आणि त्यांचे पुत्र नजरकैदेत गेले व राजसबाईंचे पुत्र संभाजी महाराज गादीवर आले. पुढे १७३१ च्या वारणेच्या तहाने दोन्ही राज्यांच्या सीमा ठरल्या. वारणा नदी ही त्यांतील मुख्य सीमा होती. आज हातकणंगले तालुक्याच्या उत्तरेकडून वाहणारी नदी तीच.

राज्यकारभार १७८२ मध्ये पन्हाळ्यावरून कोल्हापुरात हलला. म्हणजे सुमारे सात दशके गड आणि त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षे शहर, असा या राजधानीचा प्रवास आहे. त्यामुळे केवळ कोल्हापूर पाहिले तर राजधानीचा उत्तरार्ध पाहिल्यासारखे होते, आणि केवळ पन्हाळा पाहिला तर पूर्वार्ध. शक्य असल्यास दोन दिवस काढावेत. एकच दिवस हाती असेल तर दोन्ही ठिकाणे कोंबण्याचा हट्ट न धरता कोल्हापूर नीट पाहावे, हे उत्तम.

कसे जाल?

हातकणंगले हे मिरज-कोल्हापूर लोहमार्गावरील स्थानक. कोल्हापूर संस्थानाने बांधलेला हा मार्ग १८९१ मध्ये सुरू झाला. येथून कोल्हापूर सुमारे २० कि.मी. आहे. सर्व लांब पल्ल्याच्या गाड्या हातकणंगल्यात थांबत नाहीत. त्यामुळे मिरजेकडून येणाऱ्यांनी आपल्या गाडीचा थांबा आधी पाहावा, अन्यथा मिरजेत उतरून पॅसेंजर गाडी धरावी. एस.टी.ची सोय सांगली-कोल्हापूर मार्गामुळे चांगली आहे.

तरीही राजधानीकडे पहिल्यांदा जाणाऱ्याने शक्यतो रेल्वेनेच जावे. रुकडी सोडल्यावर गाडी पंचगंगेवरील पूल ओलांडते आणि दोन्ही अंगांना उसाची शेते दिसतात. त्यानंतर वळिवडे स्थानक येते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ ते १९४८ या वर्षांत, या वळिवड्यात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. त्यात मुख्यतः स्त्रिया व मुले होती. आपल्या देशातून हद्दपार होऊन, रशिया व इराणमार्गे फिरत आलेल्या या लोकांना कोल्हापूर संस्थानाच्या भूमीवर आसरा मिळाला. त्यांच्या आठवणीचा स्तंभ कोल्हापुरातील महावीर उद्यानात आहे. गाडी शेवटी श्री छत्रपती शाहू महाराज टर्मिनसवर थांबते. लोहमार्ग तेथेच संपतो.

रस्त्याने गेल्यास सांगली फाट्यावरून पुणे-बंगळूर महामार्गाला लागून शहरात शिरता येते. कावळा नाक्यावर घोड्यावर स्वार झालेल्या महाराणी ताराराणींचा पुतळा आहे. वाहनाच्या खिडकीतून नुसते नाव वाचून पुढे न जाता, या राज्याची संस्थापक एक स्त्री होती, एवढे तरी मुलांना सांगावे.

केव्हा जाल?

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. उसाचा हंगाम सुरू झाल्यावर गुऱ्हाळेही पाहता येतात. उन्हाळ्यात सकाळी अकरानंतर पायी फिरणे त्रासाचे होते.

पावसाळ्यात पन्हाळ्याचे रूप देखणे असते, पण जुलै-ऑगस्टमधील बेत पंचगंगेला विचारून आखावा. राजाराम बंधाऱ्याजवळ पाण्याची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका, असे येथील गणित आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर चढले. दोन्ही वेळा शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला आणि रेल्वेही थांबली. २०२१ च्या अतिवृष्टीत पन्हाळगडावर जाणारा मुख्य रस्ता खचला होता. जोराचा पाऊस सुरू असताना 'पोचू कसेही' या भरवशावर निघू नये.

शुक्रवार, मंगळवार, रविवार, नवरात्र आणि लागून आलेल्या सुट्या या दिवशी अंबाबाईच्या मंदिरात मोठी रांग असते. चैत्रात जोतिबाच्या यात्रेच्या वेळी सारा परिसर भाविकांनी भरून जातो आणि दुसऱ्या दिवशी अंबाबाईचा रथोत्सव असतो. उत्सवच पाहायचा असेल तर या दिवशी अवश्य जावे. वास्तू पाहायच्या असतील तर ते दिवस टाळावेत. टाऊन हॉलमधील सरकारी वस्तुसंग्रहालय सोमवारी बंद असते, हेही बेत ठरवताना लक्षात ठेवावे.

दिवस पहिला : कोल्हापूर

सकाळ मंदिरासाठी ठेवावी. अंबाबाईचे, म्हणजेच महालक्ष्मीचे मंदिर मूळचे चालुक्यकालीन मानले जाते. शिलाहारांच्या काळात त्यात भर पडली. काळ्या दगडातील बाह्यभिंतींवरील शिल्पे पाहण्यासाठी दर्शन आटोपल्यानंतर पंधरा मिनिटे प्रदक्षिणा मार्गावर सावकाश फिरावे. बहुतेक भाविक रांगेत तासभर उभे राहतात आणि भिंतीकडे क्षणभरही पाहत नाहीत. परचक्राच्या काळात मूर्ती लपवून ठेवण्यात आली होती. १७१५ च्या विजयादशमीस तिची पुन्हा प्रतिष्ठापना झाली. म्हणजे राजधानी पन्हाळ्यावर असतानाच देवी कोल्हापुरात परत आली होती.

देवीचे मुख पश्चिमेकडे आहे. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर या दिवसांत मावळतीची किरणे महाद्वारातून गाभाऱ्यात शिरतात. पहिल्या दिवशी ती चरणांपर्यंत, नंतर वर वर चढत अखेरच्या दिवशी मुखापर्यंत पोचावीत, अशी रचना आहे. ढगांमुळे आणि मार्गातील अडथळ्यांमुळे दरवेळी हा सोहळा पूर्ण होतोच असे नाही. केवळ त्यासाठी दूरवरून येणाऱ्यांनी ही शक्यता गृहीत धरावी.

मंदिरालगतच भवानी मंडप आणि जुना राजवाडा आहे. राज्यकारभार गडावरून खाली आल्यानंतरची कोल्हापूरची राजधानी ती हीच. तुळजाभवानीचे मंदिर, मंडपाचा प्रशस्त चौक आणि नगारखान्याची उंच कमान पायी पाहून होते. येथे वाहन आणण्याचा प्रयत्न करू नये. ते दूरच्या वाहनतळावर लावून चालत येणे अधिक सोयीचे पडते.

भवानी मंडपापासून काही मिनिटांच्या अंतरावर खासबाग कुस्ती मैदान आहे. १९०२ मध्ये राजर्षी शाहू महाराज युरोपच्या दौऱ्यावर गेले असता त्यांनी रोममधील प्राचीन रंगमंडल पाहिले. तशा धर्तीचे मैदान आपल्या मल्लांसाठी असावे, या कल्पनेतून १९१२ मध्ये हे मैदान साकार झाले. कोठेही बसले तरी मधला हौदा स्पष्ट दिसावा, अशी उतरत्या बैठकीची रचना आहे. कुस्त्या नसतानाही येथे जाऊन वरच्या बैठकीवर बसावे. या राजाला प्रजेने काय पाहावेसे वाटत होते, ते कळते.

मैदानाला लागूनच शाहू महाराजांनी उभारलेले आणि १९१५ मध्ये सुरू झालेले पॅलेस थिएटर, म्हणजेच आजचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह आहे. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री लागलेल्या आगीत हे नाट्यगृह आतून भस्मसात झाले. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. जळत्या नाट्यगृहासमोर उभे राहून रडणारी माणसे त्या रात्री शहराने पाहिली. शंभर वर्षे उभी असलेली वास्तू उद्याही असेलच, असे गृहीत धरता येत नाही, हा धडा पर्यटकांनीही घेण्यासारखा आहे. पुढच्या खेपेस पाहू, असे म्हणत टाळलेल्या जागा कधी कधी पुढच्या खेपेस नसतात.

दुपार वस्तुसंग्रहालयांची

न्याहारीला मिसळ झाली असेल तर दुपारचे जेवण थोडे उशिरा ठेवून भाऊसिंगजी रस्त्यावरील टाऊन हॉल गाठावा. १८७० च्या दशकात उभ्या राहिलेल्या या इमारतीत कोल्हापूरचे वस्तुसंग्रहालय आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० च्या दशकात झालेल्या उत्खननात सापडलेल्या वस्तू येथे ठेवल्या आहेत. त्यातील समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती आवर्जून पाहावी. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळात, रोमन जगातून निघालेली ही मूर्ती समुद्र ओलांडून, सह्याद्रीचा घाट चढून पंचगंगेकाठी पोचली. कोल्हापूर राजधानी होण्यापूर्वीही व्यापाराच्या नकाशावर होते, याचा एवढा बोलका पुरावा दुसरा नाही. या परिसरात १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाल्याने कामकाजाच्या दिवशी वर्दळ असते. वाहन दूर लावून चालत यावे.

टाऊन हॉलकडून जवळच दसरा चौक आहे. बहुतेक पर्यटक हा चौक शाही दसऱ्याचे मैदान म्हणून ओळखतात. त्याच्या आसपास उभी असलेली विद्यार्थी वसतिगृहे मात्र त्यांच्या नजरेतून निसटतात. मराठा, जैन, मुस्लिम अशा निरनिराळ्या समाजांच्या मुलांना शहरात राहून शिकता यावे, म्हणून शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहांना जागा व साहाय्य दिले. २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी मागासवर्गीयांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा आदेश काढला. राजधानी म्हटले की डोळ्यांपुढे वाडे आणि तोफा येतात. या राजधानीचा देशावरचा ठसा मात्र या साध्या इमारतींतून आणि त्या एका आदेशातून उमटला. त्यासाठी तिकीट लागत नाही, दहा मिनिटे थांबावे लागते.

त्यानंतर कसबा बावडा रस्त्यावरील नवीन राजवाडा पाहावा. मेजर चार्ल्स मांट या वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार १८७७ ते १८८४ या काळात काळ्या दगडात हा राजवाडा बांधण्यात आला. मनोऱ्यावरचे घड्याळ दुरूनही दिसते. तळमजल्यावरील छत्रपती शहाजी वस्तुसंग्रहालयात शस्त्रे, पोशाख, शिकारीच्या वस्तू आणि दरबार हॉल आहे. आत छायाचित्रे काढण्यास मनाई असते, हे लक्षात ठेवून मुलांना आधीच सांगून ठेवावे. वेळ उरल्यास बावड्यातील लक्ष्मी-विलास राजवाडा, म्हणजे शाहू महाराजांचे जन्मस्थान, गाठता येतो. त्यांचा जन्म येथे २६ जून १८७४ रोजी झाला.

सायंकाळ रंकाळ्यावर घालवावी. पश्चिमेस १९३० च्या दशकात बांधलेला शालिनी पॅलेस दिसतो आणि पाण्यात संध्यामठ. उन्हे उतरल्यावर येथे सारे शहर फिरायला येते. रात्री गंगावेशीतील दूध कट्ट्यावर समोर काढलेले म्हशीचे धारोष्ण दूध पिण्याची जुनी पद्धत आहे. पचत असेल त्याने ती अनुभवावी.

दिवस दुसरा : पन्हाळगड

कोल्हापूरपासून पन्हाळा सुमारे २० कि.मी. आहे. एस.टी. गाड्या आहेत, पण गडावरील ठिकाणे विखुरलेली असल्याने ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर वाहन घ्यावे.

शिलाहार राजा दुसरा भोज याने बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात हा गड उभारला. २८ नोव्हेंबर १६५९ रोजी, अफझलखानाच्या वधानंतर अवघ्या अठरा दिवसांत, शिवाजी महाराजांनी तो घेतला. पुढच्याच वर्षी सिद्दी जौहरने वेढा घातला. जुलै १६६० मधील पावसाळी रात्री महाराज वेढ्यातून निसटून विशाळगडाकडे गेले. वाटेत घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे यांनी प्राण वेचले. त्यानंतर तहात गड आदिलशहाकडे गेला आणि ६ मार्च १६७३ रोजी कोंडाजी फर्जंद यांनी अवघ्या साठ मावळ्यांनिशी तो परत मिळविला.

गडावर पुढील क्रम सोयीचा पडतो. प्रथम तीन दरवाजा आणि त्यालगतची अंधार बाव पाहावी. दरवाजावर आदिलशाही काळातील फारसी शिलालेख आहे, तर बाव म्हणजे पाणी, पहारा आणि बाहेर पडण्याची गुप्त वाट एकत्र असलेली तीन मजली विहीर आहे. त्यानंतर अंबरखाना, अर्थात गंगा, यमुना व सरस्वती ही धान्याची कोठारे. वेढ्यात महिनोन्महिने गड कसा तगला, याचे उत्तर या जाड भिंतींत आहे. पुढे सज्जा कोठी, सोमेश्वर तलाव आणि शेवटी ताराराणींचा वाडा. ज्या गादीची राजधानी पाहण्यासाठी आपण निघालो, ती येथे सुरू झाली. 'केकावली'कार मोरोपंतांचा जन्म याच गडावर १७२९ मध्ये झाला. वेळ असेल तर पुसाटी बुरुजापर्यंत जावे.

१८४४ च्या गडकऱ्यांच्या उठावानंतर इंग्रजांनी पन्हाळ्याची तटबंदी मोठ्या प्रमाणावर पाडली. चार दरवाजा हे गडाचे जुने प्रवेशद्वार तेव्हापासून अवशेषांपुरते उरले. ११ जुलै २०२५ रोजी मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. पन्हाळा त्यांपैकी एक. मात्र गडावर आजही वस्ती आहे, घरे आहेत, शाळा आहे, नगरपरिषद आहे. वारशाच्या नियमांमुळे आपल्या घरांवर आणि व्यवसायावर निर्बंध येतील का, ही चिंता येथील रहिवाशांनी जाहीरपणे मांडली होती. पर्यटकाने गड पाहताना तेथील माणसांचा विचार ठेवावा. अरुंद रस्त्यात गाडी आडवी लावू नये, तटावर नावे कोरू नयेत आणि कचरा बरोबर परत आणावा.

परतताना जोतिबाचा डोंगर वाटेत घेता येतो. मात्र रविवारी आणि पौर्णिमेला तेथे गर्दी असते.

काय खाल, काय आणाल?

मिसळ, तांबडा-पांढरा रस्सा आणि खासबागेजवळची भेळ ही कोल्हापूरची ओळख आहे. तिखटाची सवय नसलेल्यांनी तसे आधी सांगितले तर त्यात कमीपणा नाही. खरेदीसाठी चप्पल लाईन आणि गुजरी ही दोन ठिकाणे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते महाराष्ट्र व कर्नाटकातील आठ जिल्ह्यांना लागू आहे. २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानमधील फॅशन शोमध्ये तशाच चपला कोल्हापूरचे नाव न घेता सादर केल्या आणि वाद झाला. पुढे कंपनीने त्यामागील भारतीय परंपरा मान्य केली. चप्पल घेताना ती चामड्याची व हाताने शिवलेली आहे का, हे विचारून घ्यावे. कारागिराच्या श्रमाची किंमत समजून घेतली की घासाघीस आपोआप कमी होते. कोल्हापूरच्या गुळालाही भौगोलिक मानांकन आहे.

हातकणंगल्यात थांबायचे असेल तर

परतीच्या वाटेवर अर्धा दिवस हाती असेल तर तो हातकणंगले तालुक्यासाठी ठेवावा. आळते येथील डोंगरात रामलिंगाचे शांत देवस्थान आहे. कुंभोजजवळ बाहुबली डोंगरावर जैनांचे तीर्थक्षेत्र असून पायथ्याशी १९६३ मध्ये प्रतिष्ठापित झालेली भगवान बाहुबलींची २८ फूट उंचीची संगमरवरी मूर्ती आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म याच कुंभोजमध्ये २२ सप्टेंबर १८८७ रोजी झाला. शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहिले आणि शाहू महाराजांच्या कार्याचा त्यांच्यावर प्रभाव पडला. पुढे त्यांनी रयत शिक्षण संस्था उभारली आणि खेडोपाडीच्या मुलांसाठी वसतिगृहे काढली.

दसरा चौकातील वसतिगृहे पाहून आलेल्या प्रवाशाला कुंभोजमध्ये त्या कथेचा पुढचा भाग सापडतो. सहलीचा शेवट म्हणूनच येथे करणे योग्य ठरेल. राजधानीतून निघालेली एक कल्पना जवळच्याच गावातील मुलाने उचलली आणि राज्यभर नेली, हे पाहून गाडीत बसलेल्याचा हा प्रवास वाया गेला, असे कोणी म्हणणार नाही.